पांढरी सहा

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. ज्या सरांनी मला घडवलं ते गेले, त्यांनाही सांगितलं नाही. आता तुम्हाला सांगतेय — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुधा धीर होतोय.

मी जळगावच्या एका कॉलेजात संगीत शिकवते. विभागप्रमुख आहे. दर जूनमध्ये मुलं फॉर्म घेऊन दाराशी उभी राहतात आणि विचारतात, मॅडम, एम.ए.ला काय काय लागतं? मी तोंडपाठ सांगते. संगीतातली बी.ए., नाहीतर कुठलीही पदवी आणि सोबत विशारद. त्यावर प्रवेश चाचणी. मग चार सत्रं, हजेरी, लेखी पेपर, लघुप्रबंध आणि शेवटी मंचप्रदर्शन. मंचप्रदर्शनात वेगळं पास व्हावं लागतं. बाकी सगळीकडे पहिला नंबर असला आणि तिथे आपटलात, तर पदवी नाही. हे शेवटचं वाक्य मी नेहमी जरा घाईने म्हणते. कोणाच्या लक्षात येत असेल का?

तेवीस वर्षांपूर्वी मी याच विभागात विद्यार्थिनी होते. धुळ्याहून आलेली, बी.ए. संगीत, तीन वर्षं पहिली. तोरा काही विचारू नका. आणि माझ्या खोलीत राहायला आली वैशाली — असोद्याची, केळीवाल्यांच्या घरची, बी.कॉम. झालेली. तिला ‘समप्रकृतिक राग’ हा पुस्तकी शब्द नीट म्हणता येत नसे, मी दात काढून हसायचे. पण ती गायला लागली की माझं हसू जागच्या जागी थांबायचं. तिने वरचा षड्ज लावला की खोलीत बाकीचं काही उरायचं नाही. मी पेटी छान वाजवायचे, ती गायची छान. सगळे म्हणायचे, काय जोडी आहे.

मला ते आवडायचं. हे खोटं नाही. आणि तिचा राग राग यायचा, तेही खोटं नाही.

दुसऱ्या वर्षी कळलं की विभागात तासिका तत्त्वावर एक जागा भरणार आहेत आणि जी पहिली येईल तिला ती मिळेल. लेखीत मी पुढे होते. मंचप्रदर्शनात ती मला सहज मागे टाकणार होती. सहज — हाच शब्द मला टोचत होता. मी सकाळी चारला उठून रियाझ करायचे आणि ही बाई दात घासता घासता तान घेऊन जायची.

आमच्याकडे तेव्हा एक पद्धत होती, अजूनही आहे. परीक्षेत मुलांनी एकमेकांना पेटीची साथ करायची. वेळ वाचावा म्हणून साथीदार आधी आत जातो, तानपुऱ्याची विजेवरची पेटी सुरू करतो, तबलजींना सूर देतो. गाणारा मागून येतो, परीक्षकांना नमस्कार करतो आणि थेट सुरू करतो. परीक्षक बाहेरचे. आपल्या गुरूला आत बसायची मुभा नाही. म्हणजे त्या खोलीत गाणाऱ्याची पट्टी माहीत असणारी दोनच माणसं — गाणारा स्वतः, आणि पेटीवाला.

वैशालीची पट्टी, म्हणजे तिचा सा, काळी चार.

परीक्षेच्या आधी आठवडाभर ती तापाने पडली होती. गळा जेमतेम जागेवर आला होता. मी तिला लिंबू-मध दिला, तिच्या साडीला इस्त्री करून दिली. मग आत गेले आणि तानपुऱ्याचं बटण एक घर पुढे फिरवलं. पांढरी सहा, तिच्या सापेक्षा अर्धा सूर वर. भुसावळहून आलेल्या तबलजींनी त्या सुरात तबला मिळवला. त्यांना काय माहीत?

कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत होते की ते एका क्षणाचं होतं, हात गेला, मत्सर उसळला, माणूस आहे. पण तसं नव्हतं. मला सांगू दे — ती खोलीवर तापात पडलेली असताना मी सलग दोन दुपारी विभागात बसून पांढरी सहावरून बसंत राग वाजवण्याचा सराव केला होता. तिने बसंत तयार केला होता ना. पट्टी बदलली की पेटीवर बोटं बदलतात. माझी बोटं कुठे अडखळायला नको होती.

ती आली, नमस्कार केला, सा लावला. क्षणभर तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली — बरोबर आहे, चालू दे. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, स्वतःच्या कानावर नाही.

बसंत सगळा वर राहणारा राग. बरा गळा असता तर एवढ्याशा फरकाने तिने निभावून नेलं असतं. त्या दिवशीच्या गळ्याला ते जमणार नव्हतं, आणि हे मला खोलीत पाऊल टाकण्याआधी माहीत होतं. तार षड्ज पहिल्यांदा कापरा लागला. दुसऱ्यांदा फाटला. तिने जोर लावला, मग आवाज निघेचना, नुसती हवा. ती थांबली नाही. तुटक्या आवाजात समेवर येत राहिली, आणि मी प्रत्येक वेळी तो सूर पेटीवर भरून देत राहिले, परीक्षकांना माझी साथ फार समंजस वाटली म्हणे.

बाहेर ती व्हरांड्यात पायरीवर बसली. रडली नाही. मला विचारलं, “काय झालं गं मले? वरचा सा लागेचना.”

इथे तरी मी सांगू शकले असते. ताप होता, अशक्त आहेस, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण शंका कुठेच शिल्लक राहू नये अशी मला घाई झाली होती. मी म्हणाले, वैशाली, तुला वाईट वाटेल म्हणून बोलत नव्हते, पण तुझा गळा वरच्या सुराचा नाहीच मुळी.

तिने मान डोलावली. मान्य केलं. इतक्या सहज मान्य करेल असं मला वाटलं नव्हतं.

ती नापास झाली. पुन्हा बसायला मुदत होती, फॉर्म मी स्वतः आणून दिला — किती चांगली मी, नाही का? तिने भरला नाही. यावलला लग्न करून गेली. मी पहिली आले, जागा मिळाली, पुढे कायम झाले.

यंदा जूनमध्ये प्रवेश चाचणीच्या अर्जांत एक नाव दिसलं. गार्गी. आईचं नाव वैशाली, पत्ता यावल. 

मुलगी आली, वाकून पाया पडली. आईनेच शिकवलंय म्हणाली. मी पट्टी विचारली. म्हणाली, काळी दोन.

एकवीस वर्षांच्या मुलीची पट्टी काळी दोन, इतकी खाली? तिने गायला सुरुवात केली. खालचे, मंद्रातले सूर ऐकूच येत नव्हते. मधल्या सप्तकात आवाज दाबलेला, जडशीळ, आणि वरच्या षड्जापाशी आली की ती थांबायची. तो षड्ज तिला सहज लागत होता, पण पुढे जात नव्हती. पुढे जा म्हटलं तर म्हणाली, आईने वर जायचं नाही सांगितलंय. शेजारच्या बाहेरगावच्या परीक्षकांनी कपाळाला आठ्या घातल्या. पण मी दोन वर्षं त्याच जातीच्या गळ्याला साथ केली होती. मला ऐकू येत होतं — आत काय दाबून ठेवलंय ते.

मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेले. वैशाली बाकावर बसली होती. केस पांढरे, तोच चेहरा. म्हटलं, पोरीची पट्टी फार खाली आहे गं, चढवू या का. तिने माझा हात धरला. हात गरम होता, माझाच गार असेल.

“नको. तूच होती ना पेटीवर, तुले तर माहीत आहे. आपल्या घरात वरचा सूर नाही. मी मोडली तशी पोर नको मोडायले.”

लहानपणापासून तिने मुलीला खाली गायला लावलं होतं. माझ्या एका वाक्यावर.   मी हात सोडवून आत आले.

आता नीट ऐका, कारण खरं सांगायचं ते हे आहे. तेवीस वर्षांपूर्वी मी पोरगी होते, असं म्हणता येईल कुणाला. पण यंदा मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. गार्गीला प्रवेश द्यायला माझा एक शब्द पुरेसा होता. दोन महिन्यांत तिची पट्टी चढवली असती, गळा मोकळा झाला असता. मग एक दिवस ती काळी चारमध्ये तार सप्तकात फिरली असती आणि वैशाली समोर बसली असती. तिने माझ्याकडे पाहिलं असतं, जसं त्या दिवशी सा लावताना पाहिलं होतं, आणि या वेळी तिने स्वतःच्या कानावर विश्वास ठेवला असता. मी त्या नजरेला घाबरले. बाहेरच्या परीक्षकांनी गार्गीला काठावर पास केलं होतं. मी तिला नापास केलं. बेरीज कमी पडली. गुणपत्रकावर सही केली.

आठवड्याने वैशालीचा फोन आला. गार्गी शिरपूरला बी.एड.ला जाणार, तानपुऱ्याची पेटी कोणाला हवी असेल तर सांग, म्हणाली. मला वाटलं आता ठेवेल. पण ती थांबली.

“बरं झालं तू होती,” म्हणाली. “दुसऱ्या कोनी पोरीले खोटी आशा लावली असती.”

मी हो म्हणाले.