नॉरीनसाठी फुगवलेला कप

एमिल पेल्कीचा थकवा झोपेने जाणारा नव्हता. क्लेअरमाँटच्या नदीकाठच्या कारखान्यात प्लाझ्मा वेल्डिंगच्या टॉर्च आखण्यात त्याची हयात गेली होती. टॉर्चच्या बारीक भोकातून सुईसारखी ज्योत निघते आणि भोवतीच्या कपातून आरगॉन वायू वाहून वितळलेल्या धातूला हवा लागू देत नाही. ज्योतीचं कौतुक सगळे करतात. एमिलने जन्म काढला तो कपात.

आता विमानांचे भाग बनवणाऱ्या गिऱ्हाइकाने टॉर्च परत पाठवल्या होत्या. कप एवढा ढोला की कोपऱ्यात शिरतच नाही.

"दरवर्षी तुझा कप फुगतोय, एमिल," साहेब क्रेग म्हणाला. "त्याने तुझ्या पोटाशी शर्यत लावलीय की काय? बारीक कर."

एमिलला हसू आलं नाही. कप का फुगला हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

कारखान्यात नवी टॉर्च निघाली की तिचा पहिला वेल्ड तिथली जुनी वेल्डर नॉरीन टटल हिच्या हातचा, हा जुना रिवाज. टायटॅनियमवर चंदेरी रेघ आली तर टॉर्च पास. निळी आली तर हवा शिरली, कप नापास. तीन वर्षांपूर्वी नॉरीनचं मनगट थरथरू लागलं आणि रेघेच्या टोकाला निळाई दिसू लागली. एमिलने ब्र काढला नाही. कप रुंद केला, आत बारीक जाळी बसवली. वायू संथ आणि ऐसपैस पसरू लागला, हात हलला तरी धातू झाकलेलाच राहिला. रेघ पुन्हा चंदेरी झाली. "बघ म्हाताऱ्या, अजून हात बसलेला आहे माझा!" नॉरीन म्हणायची आणि एमिल मान डोलवायचा. पुढच्या वर्षी कप आणखी रुंद करावा लागला.

नव्या बारीक कपाच्या चाचणीदिवशी तिला सगळं सांगायचं म्हणून तो दोनदा तिच्या टेबलापाशी गेला आणि दोन्ही वेळा नुसती कॉफी पिऊन परतला. सांगायलाही अंगात त्राण लागतं.

नॉरीनने वेल्ड मारला. ज्योत विझल्यावरही वायू थोडा वेळ वाहत राहतो. धातू निवेपर्यंत टॉर्च तिथेच स्थिर धरायची आणि वायूचा फुसकारा थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही, अशी तिथली शिस्त. त्या शांततेत टॉर्चचं टोक डुगडुगताना सगळ्यांनी पाहिलं. रेघेचं टोक निळं पडलं.

क्रेगने नजर चोरली. "कपच भिकार आहे."

"हो, माझंच चुकलं," एमिल म्हणाला. त्याला हायसं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली नाही, इतका तो दमला होता.

नॉरीनने हेल्मेट काढून टॉर्च त्याच्यापुढे धरली. "तू मार."

"मी? माझी रेघ म्हणजे दारुड्याची चाल."

"मार म्हणते ना!"

त्याने मारला. हात मुद्दाम हलवावा असं एकदा मनात आलं, पण ती अगदी खांद्याशी उभी होती. फुसकारा थांबला. रेघ वेडीवाकडी होती, पण टोकापर्यंत चंदेरी.

नॉरीनने ती रेघ निरखून पाहिली. मग कामाच्या टेबलावर पडलेला जुना रुंद कप उचलून तिने त्या बारीक कपाशेजारी ठेवला.

"कधीपासून?"

"तीन वर्षं."

"म्हणजे तीन वर्षं मी तुझ्या कपाची शाबासकी खात होते."

"नॉरीन, तुला वाईट वाटेल म्हणून मी..."

"वाटलं असतं की. घरी जाऊन रडले असते, नवऱ्यावर खेकसले असते. आणि मग तुम्ही सगळ्यांनी केक कापून, टाळ्या वाजवून मला घरी पाठवलं असतं." तिने हातमोजे काढले. मनगट अजून थरथरत होतं, आणि आता ती ते लपवत नव्हती. "आता मी जाणार ती नापास होऊन, एमिल. आणि नापास मला तू केलंस."