पाचव्या ठिकाणचं पाणी

मारुती गेल्याचं मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत कळलं. शिपाई दारात येऊन म्हणाला, "सर, बेळगावास्नं फोन हाय. कोण तरी वारल्यात म्हणं." मी हात पुसत ऑफिसात गेलो. पलीकडे मारुतीचा मेहुणा होता. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. "येतो" म्हणून मी फोन खाली ठेवला. त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहावं की लिहू नये, याचा मी गेले पाच आठवडे विचार करतोय. लिहितो. माझ्या मनात आलं, चला, आता आपली कुणी तुलना करणार नाही. दुःख त्याच्या मागून आलं. पुष्कळ आलं... पण मागूनच.

आम्ही दोघे निपाणीच्या एकाच हायस्कुलातले. मी कोगनोळीकडच्या शेतकरी घरातला, सायकलवरून येणारा. त्याचे वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे, आईही तिथेच तंबाखू निवडायला जायची. घरानं बौद्ध धम्म घेतलेला, आणि पोरगा शिकलाच पाहिजे हा बापाचा एकच हट्ट. मारुतीच्या सदऱ्याला तंबाखूचा वास यायचा आणि वर्गातली पोरं मुद्दाम शिंकायची. तो त्यांच्याकडे बघायचाही नाही. मॅट्रिकपर्यंत मी पहिला आणि तो दुसरा असायचा. मग बेळगावला बी.एस्सी.ला आम्ही एका खोलीत राहिलो आणि कधी, कसं ते मला कळलंच नाही, तो पहिला झाला. एकाच कंदिलाच्या दोन बाजूंना बसून वाचायचो आम्ही. मी पाठ करायचो, तो पानाच्या कडेला प्रश्न लिहायचा. त्याच्या त्या बारीक अक्षराचासुद्धा मला राग यायचा.

धारवाडहून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होऊन आलो तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. कारवारकडच्या एका खाडीवर मासळीचा अभ्यास करणारं सरकारी केंद्र निघत होतं आणि तिथे एक जागा होती. आम्ही दोघांनी अर्ज केले. यादी लागली, तिच्यात त्याचं नाव सर्वांत वर होतं, माझं त्याच्याखाली. घरी आप्पांनी विचारलं, "तुझं काय झालं रं?" मी म्हणालो, "राखीव जागा होती. त्याला दिली." ते खोटं होतं. जागा सर्वांसाठी खुली होती आणि मुलाखतीत मी अडखळलो होतो. पण आप्पांनी ते गावात सांगितलं, गावानं मान्य केलं, आणि दोन-चार वर्षांत मलाही ते खरं वाटायला लागलं. माझ्या लग्नात पंगतीला माझ्या मामांनी त्याच्या तोंडावर म्हटलं, "तुमचं बरं हाय, तुमास्नी सरकारच बोलावतंय." मारुतीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पत्रावळीकडे बघत राहिलो. मग तो वाढप्याला म्हणाला, "इकडं भात वाढा."

मी निपाणीतच कॉलेजात लागलो. तो बायकोला बेळगावात ठेवून खाडीवर राहायला गेला. महिन्यातून एकदा घरी यायचा, लोंढ्यापर्यंत घाटातून बस आणि पुढे रेल्वे. काम ऐकायला साधं होतं. समुद्राचं खारं पाणी भरतीबरोबर नदीत आत शिरतं, नदीचं गोडं पाणी वरून खाली येतं, आणि त्या दोहोंच्या मधल्या निमखाऱ्या पाण्यात कोलंबीची, माशांची पिल्लं वाढतात. तोंडापासून वरपर्यंत पाच ठिकाणं ठरवलेली. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला होडीनं पाचही ठिकाणी जायचं, पाण्याचा खारेपणा आणि ऊब नोंदवायची, जाळ्यात काय आलं ते मोजायचं. बस, एवढंच. वर्षानुवर्षं. मी स्टाफरूममध्ये म्हणायचो, "आमचा दोस्त पाण्यात मीठ किती ते चाखत असतो." लोक हसायचे. पण त्याची पत्रं आली की मी ती दाराला कडी लावून वाचायचो. तिवरांच्या मुळांना चिकटलेली कालवं, पावसाळ्यानंतर आत येणारी बोटाएवढी कोलंबी, कुठला मासा कधी येईनासा झाला... मी तीच बेडकाची चिरफाड दरवर्षी नव्या पोरांना दाखवत होतो आणि त्याच्या पत्रात दर वेळी नवं पाणी असायचं.

एका दिवाळीच्या तोंडावर त्याला टायफॉइड झाला. मी बेळगावच्या दवाखान्यात भेटायला गेलो तर तापानं डोळे लाल, आणि म्हणतो काय, "तुला सुट्टी हाय न्हवं? अमावास्या आणि पुनव, दोन फेऱ्या कर माझ्यासाठी. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा न्हाय." मी त्याच्या साहेबांची परवानगी घेऊन गेलो. खरं सांगतो, आनंदानं गेलो. हा काय एवढं मोठं करतो ते एकदा बघू, असं वाटत होतं.

अमावास्येची फेरी मी नीट केली. होडी चालवायला पुतू तांडेल होता, पन्नाशीचा, कमी बोलणारा. पण प्रत्येक ठिकाणी तोच प्रकार. जाळी ओढणारी माणसं, चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणाऱ्या बायका, सगळ्यांचा एकच प्रश्न, "मारुतीसर कधी येणार?" एका म्हातारीनं मडक्यात एक चमत्कारिक खेकडा जिवंत ठेवला होता. मी म्हणालो, "द्या, मी बघतो." तिनं मडकं मागं घेतलं. "न्हय, त्यांकाच दाखवीन." आयुष्यभर मी शिकवत राहीन, आणि माझ्यासाठी कुणी एक खेकडा राखून ठेवणार नाही, हे मला त्या मडक्यापाशी स्वच्छ दिसलं.

पौर्णिमेला ऊन फार होतं. चार ठिकाणं झाली. पाचवं वर नदीत, आणखी दोन तासांच्या वाटेवर. मी पुतूला म्हणालो, "परत फिरव." तो म्हणाला, "सर पाचव्याला जातात." मी म्हणालो, "आज मी सर आहे." त्यानं होडी वळवली. केंद्रावर येऊन मी मागच्या फेरीचं पान उघडलं, पाचव्या ठिकाणचे आकडे थोडे इकडेतिकडे केले आणि लिहून टाकले. मग बरोबर आणलेल्या पाण्याच्या चार बाटल्या तपासून चार आकडे भरले. मी दमलो होतो म्हणून हे केलं असं म्हणता येईल. पण तसं नव्हतं. न जातासुद्धा हे काम होतं, याच्यात काही विशेष नाही, हे मला स्वतःला सिद्ध करून दाखवायचं होतं. त्या दिवशी मी चांगला झोपलो.

तीन महिन्यांनी मारुती निपाणीला माझ्या घरी आला. चहा झाला. बायको आत गेल्यावर म्हणाला, "पुनवेला पाचव्याला गेलतास?"

"गेलतो की."

तो बशीत बोट फिरवत बसला. "चौथ्यापेक्षा पाचव्याला मीठ जास्त लिहिलंयस. नदी उलटी व्हायली का रं त्या दिवशी?"

 मग तो अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "वर डोंगरात अवकाळी पाऊस झालता. गोडं पाणी खाली आलतं. पाचव्याला मीठ जवळजवळ नसणारच. बाकीचे चार आकडे लई छान घेतलेस. तुझा हात चांगला हाय." मला शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो. वर्गातल्या पोराला शेवटी एक बरा शब्द बोलावा तसं बोलला तो, आणि उठून एस.टी.ला गेला.

काही वर्षांनी त्याचा मोठा अहवाल छापून आला. सलग नोंदीच्या रकान्यांत, त्या पौर्णिमेच्या पाचव्या ठिकाणी, एक रेघ होती. खाली बारीक टीप होती, निरीक्षक वाटेत आजारी पडल्याने नोंद नाही. एवढीशी ती रेघ, पण वरच्या साहेबांनी भर बैठकीत तिच्यावर बोट ठेवलं होतं, "आजारी पडला तर मागाहून दुसरा माणूस का नाही पाठवला?" हे मला त्याच्या सहकाऱ्याकडून कळलं. मारुती म्हणाला होता, "माझी चूक झाली." मी पश्चात्तापानं रडलो असं लिहायला मला आवडेल. मी अहवाल मिटला आणि मला वाटलं, हाही मोठेपणा यानंच घ्यायचा का...

शेवटची भेट लोंढ्याच्या फलाटावर झाली. मी गोव्याहून येत होतो, तो खाडीवर निघाला होता. केस पांढरे, चेहरा उन्हानं काळपटलेला. दोघांनी मिळून एक वडा खाल्ला. गाडीला वेळ होता म्हणून मी सुरुवात केली, "मारुती, ती पाचव्या ठिकाणची गोष्ट..."

"सोड रं," तो म्हणाला. "यायचं असंल तर येत्या पुनवेला ये. दोघं जाऊ पाचव्याला. पुनवेचं ते तू बघितलंच न्हाईस. लई देखणं हाय."

म्हणजे मी त्या पौर्णिमेला तिथे गेलोच नव्हतो, हे पुतूनं त्याला केव्हाच सांगितलं होतं. मी म्हणालो, "पुनवेला परीक्षेचं काम आहे." परीक्षा नव्हती. तिथं जाऊन, तो सांगेल ते बघून, व्हय म्हणायची माझी तयारी नव्हती. त्यानं मान हलवली आणि गाडी आल्यावर माझी पिशवी उचलून डब्यात ठेवून दिली. ती पौर्णिमा गेली, आणखीही बऱ्याच गेल्या. मग तो फोन आला.

मारुतीच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला मी आदल्या दिवशीच बेळगावला गेलो आणि त्यांच्याच घरी राहिलो. पाच-सहा मच्छीमार खाडीवरून आले होते, पुतूही होता. त्यानं मला ओळखलं आणि नुसता हात जोडला. सकाळी मी मागच्या अंगणात गेलो तर वहिनी विहिरीत एक गाठी मारलेली दोरी सोडत होत्या. दोरीच्या टोकाला लोखंडी वजन होतं. ओल्या गाठी मोजून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं आकडा लिहिला. मागचे सगळे चौकोन भरलेले होते. मारुती घरी असतानाचे त्याच्या अक्षरात, बाकीचे आणि तो गेला त्या दिवसापासूनचे सगळे वहिनींच्या.

"हे कशासाठी, वहिनी?"

"कशासाठी ते मला न्हाय ठाऊक, भावजी. आमचं लगीन झाल्यापासनं हे हायच. घरी नसले तर मी बघायची, आले की पहिलं कॅलेंडर बघायचे, मग चहा." त्या थोडं हसल्या. "आता आपलं मीच बघते."

आमच्या मळ्यात दोन विहिरी आहेत. त्यांत पाणी किती ते मी आयुष्यात कधी पाहिलेलं नाही. आमच्या घरी माझी अशी एकही सवय नाही, जी माझ्यामागे कुणी चालू ठेवील. त्या अंगणात, तो नसताना, मला पुन्हा त्याचा हेवा वाटला.

मी म्हणालो, "मी बघू?" त्यांनी दोरी माझ्या हातात दिली. मी ती काठाला टेकवून सावकाश सोडली, वजन तळाला टेकलेलं हाताला कळलं, वर ओढून ओल्या गाठी मोजल्या आणि आकडा सांगितला. वहिनींनी कॅलेंडराकडे न बघता दोरी माझ्याकडून घेतली आणि पुन्हा एकदा स्वतः सोडून पाहिली. ती त्यांची रोजची रीत होती की आणखी काही, हे मी विचारलं नाही. वर ओढताना त्या गाठी मोजत होत्या आणि मी शेजारी उभा राहून त्यांच्या ओठांकडे बघत होतो. आकडा तोच आला.