आधी सांगते, मग जेवते

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी मलकापुरात एका सिझेरियनच्या पेशंटला भूल देत होते. फोन सिस्टरनं घेतला आणि ऑपरेशन संपेपर्यंत मला काहीच कळू दिलं नाही. झोपेतच हृदय बंद पडलं होतं... आता महिना उलटला, तरी गाडी सांगलीच्या रस्त्याला लागली की मी मनातल्या मनात तिच्याशी बोलायला लागते.

आम्ही एकाच कॉलेजात शिकलो. ती वाईची, मी कराडची. ती न्यूरोसर्जन झाली, मी भूलतज्ज्ञ. तिच्या लहान पेशंटांसाठी मी नेमानं सांगलीला जायचे. मुलांच्या कवटीवरच्या गाठी तिच्याकडे फार येत. बहुतेक साध्याच; काही नुसत्या बघत राहायच्या, काही काढून टाकायच्या. बाळंतपणात बाळाच्या डोक्याला आलेली सूज कडक झाली म्हणून कुणी आई घाबरून आली, की ती म्हणायची, "डोकं वाढेल तशी ही मुरून जाईल. मला हात लावायचं कारण नाही." ऑपरेशन नको, हे सांगताना तिचा चेहरा जसा खुलायचा, तसा ते यशस्वी झाल्यावरही खुलत नसे.

आष्ट्याच्या पद्मजाची गाठ मात्र काढावीच लागणार होती. सहा वर्षांची पोर, जैन शेतकरी घरातली. कानाच्या वर सुपारीएवढी गाठ आणि तिच्याखालचं हाड झिजलेलं. कुणीतरी आजोबांच्या डोक्यात कॅन्सरची भीती भरवून दिली होती. "बाई, कवटीला भोक पडलंय म्हणत्यात. पोर ऱ्हाईल न्हवं?" त्यांनी विचारलं. शैला म्हणाली, "आप्पा, जन्माआधी कातडीचा कण हाडात अडकून राहिला तर अशी गाठ होते. मला तीच वाटतेय. पण गाठ काढून तपासल्याशिवाय शपथेवर नाही सांगणार." पद्मजाला काळजी केसांची. शैलानं तिचं डोकं भादरू दिलं नाही. भांग पाडला, केस दोन्हीकडे बांधले आणि मधल्या जागेतून गाठ अखंड काढली.

तपासणीचा निकाल आला त्या दिवशी मी परत निघाले होते. शैला सरळ गाडीत येऊन बसली. "आष्ट्यात थांबू."

"अगं, फोन कर की."

"फोनवर आप्पांना पटायचं नाही गं..."

आम्ही पोचलो तेव्हा सूर्य मावळायच्या आतली त्यांची जेवणं चालली होती. आम्हाला दारात बघून सगळ्यांचे हात ताटातच थांबले. "आवं, बसा, आधी जेवून घ्या," म्हणत आप्पा उठले. त्यांना ऐकायची भीती वाटत होती.

"आधी सांगते, मग जेवते," शैला म्हणाली. "साधीच गाठ होती, आप्पा. संपली."

आप्पा परसात गेले. तोंडावर पाणी मारल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. शैला पद्मजाशेजारी मांडी घालून बसली आणि दोन भाकरी जेवली.

गेल्या आठवड्यात शैलाच्या तपासणीच्या खोलीत गेले. मोठ्या खुर्चीत ती कधी बसलीच नाही. मुलांच्या उंचीचं एक बुटकं स्टूल होतं, तीच तिची जागा. मी त्यावर टेकले, तोच दार ढकलून एक चिमुरडी आत आली. मागून तिची आई. त्यांना काही कळलेलं नव्हतं. पोरीनं माझ्या तोंडाकडे पाहिलंही नाही. सवयीनं पुढे आली आणि माझ्यासमोर डोकं वाकवून उभी राहिली.

"मॅडम आल्या न्हाईत व्हय?" आईनं विचारलं.

मी त्या मऊ केसांवर हात ठेवला.