वृंदानं विचारलेला प्रश्न

वृंदा गेल्याचं कळलं तेव्हा मी न्युरेम्बर्गला भाचीकडे होते, तिच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत. फोन शेखरचा, वृंदाच्या नवऱ्याचा. "मेधा, काल संध्याकाळी गेली गं," तो म्हणाला. मग, "पक्षातून फोन आला होता. फुलं पाठवू का, असं विचारत होते. मी नको म्हटलं... बरोबर केलं ना?" मी म्हटलं, बरोबर केलंस. पोळी तव्यावर करपली. ती उलथण्याचंही मला सुचलं नाही. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, सगळ्यांना माहीत होतं, तिला तर सर्वांत आधी. तरीही वृंदा गद्रेसारखी बाई कुठल्याही गोष्टीत हार मानेल, हे आतून पटायला वेळ लागला.

ती प्रेमळ नव्हती. हे आधीच लिहिते, कारण मृत्यूनंतरच्या लेखांत माणसं फार लवकर गोड होतात. डार्मश्टाटच्या आमच्या गणपतीत कुणी कविता वाचायला उठला की वृंदा पहिल्या रांगेतून म्हणायची, "किती कडवी आहेत?" आणि तो माणूस दोन कडव्यांत आटपायचा. पण माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तीच ऑफिस सोडून माझ्याबरोबर हॉस्पिटलात बसली, आणि डॉक्टर गोलगोल बोलायला लागले तसं त्यांना म्हणाली, "हिला खरं सांगा, ती मूल नाही." खरं सांगितलं की माणूस सावरतो, ही तिची श्रद्धाच होती. ती किती महाग पडते हे पुढे दिसलं.

डार्मश्टाटजवळच्या आमच्या छोट्या गावाचे नगराध्यक्ष होते डीटर. पांढऱ्या मिशांचा, मोठ्यानं हसणारा, प्रत्येकाच्या कुत्र्याचं नाव ठाऊक असलेला माणूस. इरा, वृंदाची मुलगी, लहान असताना तिला किटामध्ये, म्हणजे गावच्या बालवाडीत, जागा मिळेना. वृंदा डीटरच्या भेटीच्या वेळेला गेली आणि मोडक्या जर्मनमध्ये तिनं त्यांना असं काही झापलं की बाहेर बसलेले लोक उठून दाराशी आले. डीटर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बाहेरून ओरडून घसा बसतो. आत या, आत राहून ओरडा." त्यांनीच तिला पक्षाच्या गावशाखेत आणलं, भाषण कसं करायचं ते शिकवलं, जर्मन पासपोर्ट आला तेव्हा स्वतःच्या घरी केक कापला. त्यांची बायको रेनाटे वृंदासाठी अंडं न घातलेला केक करायला शिकली होती. नगरपालिकेच्या सभागृहात वृंदा निवडून आली ती डीटरच्या बोटाला धरून, असं गाव म्हणायचं, आणि ते खोटं नव्हतं.

मग डीटर विसरायला लागले. आधी नावं. एका कार्यक्रमात त्यांनी तोच किस्सा दोनदा सांगितला आणि लोक दोन्ही वेळा हसले. बाजारात एका विधवेला त्यांनी "नवरा काय म्हणतो?" असं विचारलं. तिच्या नवऱ्याच्या अंत्यविधीला ते स्वतः बोलले होते. पक्षातल्या जुन्या मंडळींना हे दिसत होतं, पण निवडणूक जवळ आली होती, आणि डीटर हमखास जिंकणारे. "एवढी एक टर्म," असं ते एकमेकांना सांगायचे, "मग बघू." फायली रेनाटे वाचायची आणि सकाळच्या चहाबरोबर त्यांच्याकडून पाठ करून घ्यायची.

वृंदा आधी त्यांच्या घरी गेली. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून तिनं सांगितलं की आता थांबा, तुमची तब्येत बरी नाही, मानानं थांबा. डीटर हसले. म्हणाले, "मी झोपेत असलो तरी हे गाव मला मत देईल. तू जागी असलीस तरी तुला देणार नाही. का ते तुला ठाऊक आहे." हे तिनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, भाजी चिरता चिरता, अगदी सपाट आवाजात. तिनं उमेदवारी मागितली ती गावासाठी की त्या वाक्यासाठी, हे मी तिला पुढे अनेकदा विचारलं. "दोन्हींसाठी," म्हणायची. "एकाच कारणासाठी कोण काय करतं?"

वृंदाच्या घरात तेव्हा रोज वाद. शेखरचं म्हणणं सरळ होतं: पक्षानं आपलाच खुर्चीत बसलेला माणूस पाडला की विरोधकांचं निम्मं काम झालं. "तू जिंकलीस तरी पक्ष फुटेल, आणि हरलीस तर तू संपशील." वृंदा म्हणायची, "म्हणजे तो खुर्चीत काय करतोय हे फक्त विरोधकांनी विचारायचं? मग आपण कशाला आहोत, टाळ्यांना?" तिच्या सासूबाई पुण्याहून आलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, ज्याच्या घरचं मीठ खाल्लं, त्याच्यावरच उलटायचं?" वृंदा म्हणाली, "आई, जर्मन लोक मीठ फार कमी घालतात." सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

उमेदवार निवडायची सभा अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये होती. मी सभासद नव्हते, पाहुणी म्हणून मागे बसले होते. डीटर छान बोलले. पाठ केलेलं होतं, पण छान. मग वृंदा उठली. तिच्या हातात कागद नव्हता. ती म्हणाली, "माझा एकच प्रश्न आहे. डीटर, वसंतात तुम्ही ज्या नव्या बालवाडीची फीत कापलीत, तिचं नाव काय?" डीटर हसले, मिशीवर हात फिरवला, आणि मग त्यांनी पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोकडे पाहिलं. रेनाटेचे ओठ हलले. तिनं आवाज न करता ते नाव उच्चारलं, पुन्हा उच्चारलं, पण त्यांना ते वाचता येईना. वृंदा थांबली. हवं तर ती तिथे सोडू शकली असती... सगळ्यांना कळलं होतं. ती म्हणाली, "मी रेनाटेला नाही विचारलं. की यंदा उमेदवार ती आहे?"

मागून कुणीतरी हसलं. एकच माणूस, एकदाच. रेनाटेनं मान वळवून तो कोण हे पाहिलंसुद्धा नाही, ती वृंदाकडेच बघत राहिली. मतं गुप्त होती आणि वृंदा थोडक्यात जिंकली. डीटरनी तिचं अभिनंदन केलं, तिचा हात हातात घेऊन, आणि मग कोटाच्या खोलीत जाऊन दुसऱ्याच कुणाचा तरी कोट घालून आले.

निवडणूक ती हरली, आणि वाईट हरली. पक्षातल्या निम्म्या लोकांनी प्रचाराला दारसुद्धा उघडलं नाही. नवा नगराध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा, तरुण, गुळगुळीत. त्यानं पहिल्याच वर्षी जलतरण तलाव बंद केला. गावानं त्याचंही खापर वृंदावर फोडलं. "रंगामुळे हरलीस," असं मी एकदा म्हटलं, तर अंगावर आली. "रंगावर टाकलं की सगळे सुटतात, मीसुद्धा." वर्षाच्या आत डीटरचं निदान झालं, स्मृतिभ्रंश, तेच जे तिनं ओळखलं होतं. मला वाटलं, आता तरी लोक म्हणतील की ती बरोबर होती. उलटंच झालं. ती चुकली असती तर कदाचित माफ केलं असतं तिला.

आणि मग ते शनिवार सुरू झाले. वृंदा शनिवारी सकाळी स्टेशनजवळच्या बेकरीत ब्रोटशन, म्हणजे छोटे पाव, घ्यायला जायची, तिथेच कॉफी प्यायची. एके दिवशी रेनाटे डीटरना हाताला धरून आत आली. डीटरचा चेहरा उजळला. त्यांना बालवाडी, सभा, निवडणूक, काहीच आठवत नव्हतं. वृंदा मात्र लख्ख आठवत होती. भर बेकरीत ते मोठ्यानं म्हणाले, "वृंदा! मी ठरवलंय, यंदा मी उभा राहत नाही. पक्षाला तुझं नाव सांगणार. तुझ्याइतकं डोकं कुणाला नाही." रांगेतले लोक पाठमोरे उभे राहून ऐकत होते. वृंदा म्हणाली, "डांके, डीटर. विचार करते." पुढच्या शनिवारी तेच, शब्द न शब्द. त्याच्या पुढच्या शनिवारीही. डीटरच्या घराच्या खालीच दुसरी एक बेकरी होती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तरी रेनाटे त्यांना बसनं इथे आणायची, त्यांना टेबलाशी बसवायची आणि वृंदाच्या चेहऱ्याकडे बघत कॉफी ढवळायची.

"तू दुसऱ्या बेकरीत जा ना," मी म्हटलं.

"का? तिथली ब्रोटशन वातड असतात." मग, "आणि मी नाही गेले तर रेनाटेनं शनिवारी काय करायचं?"

केमोनं केस गेल्यावरही ती डोक्याला स्कार्फ बांधून जायची. इरा एकदा चिडून म्हणाली, "मामा, डास इस्ट क्रांक," हे आजारीपण आहे. वृंदा मराठीत म्हणाली, "हो बाळा, पण शनिवारचंच."

अंत्यविधीला पक्षातर्फे कुणी आलं नाही. डीटर आणि रेनाटे आले. विद्युतदाहिनीबाहेर डीटरनी विचारलं, "कोण गेलं?" रेनाटे म्हणाली, "वृंदा." ते रडायला लागले, लहान मुलासारखे, खांदे हलवत. रडं ओसरलं, त्यांनी नाक पुसलं, आजूबाजूला पाहिलं, विचारलं, "कोण गेलं?" ती म्हणाली, "वृंदा." पुन्हा तेच रडं, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं. तिसऱ्यांदा मला राहवेना. मी तिला म्हटलं, "नका सांगू ना त्यांना." रेनाटेनं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "का?" ती म्हणाली. "तिला तर खरं बोललेलं आवडायचं, सगळ्यांसमोर."

गेल्या शनिवारी मी त्या बेकरीत गेले. का गेले, सांगता येणार नाही. ते दोघं कोपऱ्यातल्या टेबलाशी होते. रेनाटे म्हातारी दिसली मला, पहिल्यांदाच. ती डीटरच्या ब्रोटशनला लोणी लावत होती. डीटरनी दाराकडे बघत विचारलं, "वृंदाला उशीर झाला?" मी रेनाटेच्या तोंडाकडे पाहत राहिले. सुरी थांबली. मग ती म्हणाली, "हो, उशीर झालाय. येईल. तू खा." आणि माझ्याकडे न बघता, हळू आवाजात, "रोज सांगून बघितलं मी. आता मलाच ऐकवत नाही."

टेबलाशी तिसरी खुर्ची होती. मी ती ओढायला हात पुढे केला, तर डीटरनी आपली टोपी काढून तिच्यावर ठेवली आणि जुन्या नगराध्यक्षाच्या आवाजात मला म्हणाले, "माफ करा, इथे कुणीतरी यायचंय."

मी उभ्यानंच कॉफी प्यायले.