कोमटबाईची नात

माझ्या मावशीला हॉस्पिटलात कुणी नावाने हाक मारत नसे. नवजात बाळांच्या खोलीतली ती आया, सगळ्यांची कोमटबाई. बाळाच्या आंघोळीचं पाणी जरा गरम झालं की तिचा आवाज चढे, गार झालं की त्याहून चढे. आमच्या चर्चचे फादर एकदा बायबलातल्या वचनावरून थट्टेने म्हणाले, "कोमट माणसं देवाला चालत नाहीत हं!" तर म्हणते कशी, "देवाने आधी एक बाळ न्हाऊ घालून दाखवावं, मग बोलू."

तोंड असं, पण श्रद्धेत तिच्या नखाची सर आम्हाला यायची नाही. त्या खोलीत तिच्याकडे आपोआप चालत आलेलं एक काम होतं. एखादं बाळ जगणार नसेल आणि फादर वेळेत पोचणार नसतील, तर आईबाप तिलाच म्हणायचे, तुम्ही बाप्तिस्मा द्या. जीव जात असेल तर कुणीही देऊ शकतो, आमच्यात तशी मुभा आहे. ती वाटीत पाणी घ्यायची, नाव विचारायची, ते उच्चारून बाळाच्या कपाळावर पाणी सोडायची. त्या दिवशी घरी भांडी जरा जास्त आपटायची. आम्ही काय ते ओळखायचो.

आणि मग तिची स्वतःची नात जन्माला आली. हृदय अर्धंच बनलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजचा दिवस. फार तर संध्याकाळ."

बाळाची आई, माझी वहिनी, ऑपरेशननंतर बाजूच्या खोलीत पडून होती. मी गेले तर तिने माझं मनगट धरलं. "बिननावाची जाऊ देऊ नका गं तिला. नाव ह्यांनीच शोधलंय. ह्यांच्याच तोंडून येऊ दे."

आणि हे 'ह्यांचं' ध्यान बाहेर बाकावर भिंतीकडे तोंड करून बसलेलं. माझा मावसभाऊ, दादा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. बंद पडलेली वस्तू समोर असताना हातावर हात ठेवून बसलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. सकाळी फादर येऊन म्हणाले होते, "देवाची काहीतरी योजना असेल." दादा ताडकन म्हणाला, "मग त्या योजनेतून माझं नाव काढा." मावशीने फादरांना सरळ चहा प्यायला पाठवलं. मग एका अंत्यविधीसाठी त्यांना जावं लागलं.

दुपारी बाळाचे ओठ निळे पडायला लागले. फादरांना फोन लावला, तर यायला तासभर तरी लागणार होता. मावशीने वाटी घेतली. हात उचलला, तो वरच राहिला.

"इतक्यांना दिला," ती मला म्हणाली, "आज हात धजत नाही गं माझा."

ती वाटी ठेवून बाहेर दादापाशी गेली, मी मागोमाग. "चल आत."

"कशाला?" दादा म्हणाला. "नाव दिलं की ती माझी होईल. आणि मग जाईल."

"तुझी झालीच आहे रे. त्याशिवाय का असा तोंड लपवून बसलायस?"

"आई, खरं सांग. ही देवाची योजना आहे?"

मला वाटलं, आता ही देवाची बाजू घेणार. जन्मभर घेतली होती.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "मेल्यावर पहिल्यांदा त्याची गचांडी धरून मी हेच विचारणार आहे. आत्ता वेळ नाही. पाणी कोमट आहे, चल."

तो उठला. नखांत ग्रीसच्या काळ्या रेघा असलेला तो हात वाटीत बुडाला. त्याने नाव उच्चारलं. ते नाव मी ऐकलंय, पण ते त्यांच्या घरचं, मी सांगणार नाही. पित्याच्या नावाने, पुत्राच्या नावाने, कपाळावर पाणी ओघळत होतं. पवित्र आत्म्याच्या नावाने, असं तो म्हणत होता, तेवढ्यात पोरीने डोळे उघडले. देवाशपथ सांगते, तिने थेट त्याच्याकडे पाहिलं! इतक्या लहान बाळांना नीट दिसत नाही म्हणतात. नसेल दिसत. शेजारच्या पाळण्यापाशी नर्स दुधाची बाटली धरून तशीच उभी राहिली.

त्यानंतर दादाने तिला खाली ठेवलं नाही. तसाच वहिनीच्या पलंगावर जाऊन बसला, दोघांच्या मध्ये ती. फादर धापा टाकत आले. दारातच थांबले, आणि तिथेच फरशीवर गुडघे टेकले. नर्स म्हणाली, "द्या जरा, हात अवघडेल तुमचा." दादा म्हणाला, "अवघडू दे."

ऊन उतरता उतरता ती गेली. वहिनी बराच वेळ तिचे पाय कुरवाळत होती.

मग दादा म्हणाला, "आई, हिने मला काय दिलं गं? साधी हाकसुद्धा मारली नाही. आणि हिच्यासाठी मी आत्ता जीव द्यायला तयार होतो. एका दुपारीत एवढं आलं कुठून?"

मावशीने त्याच्याकडे पाहिलं, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी दिसल्यासारखं. मग फादरांकडे वळली आणि अगदी हळू, घाबरल्यागत विचारलं, "म्हणजे देवाचं आपल्यावर असं प्रेम असतं?"