बिबट्याचं पुस्तक

सुहासिनी कर्णिक बोरिवली पूर्वेला एका छोट्या मराठी शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवायच्या. शाळेपासून थोडं वर गेलं की नॅशनल पार्कची भिंत लागायची आणि भिंतीला टेकून वस्ती होती. वर्गातली बरीच मुलं तिथूनच यायची. चित्रकला बरी म्हणून शाळेच्या सजावटीचं काम सुहासिनीबाईंकडे असायचं. त्यामुळे शहाऐंशी साली मुलांना वाचून दाखवायला चित्रांची पुस्तकं आणायचं ठरलं, तेव्हा निवडही त्यांच्यावरच आली.

एक अख्खी दुपार त्या पुस्तकांच्या दुकानात बसून होत्या. बहुतेक पुस्तकांत रंग रेषेबाहेर सांडलेले, माणसांचे चेहरे सगळे एकसारखे. मग एक मोठं, आडवं पुस्तक हाती आलं. बिबट्याचं पिल्लू वाट चुकून वस्तीत येतं, मुलं त्याला दूध पाजतात, गोधडीत घेऊन झोपतात. शेवटी त्याची आई येते आणि सगळ्या मुलांना पाठीवर बसवून जंगलात खेळायला नेते. पिल्लाच्या मिशांचा एकेक केस निगुतीनं काढला होता. आपली मुलं जंगलालगत राहतात, त्यांना हे जवळचं वाटेल, असंही बाईंच्या मनात आलं. त्यांनी ते पुस्तक सगळ्यांत वर ठेवलं.

शनिवारी सकाळच्या शाळेत त्यांनी वाचायला घेतलं. पुस्तक सर्वांना दिसेल असं धरायला कोणीतरी हवं होतं. विमला शांत मुलगी, हलणार नाही, म्हणून तिलाच पुढे बोलावलं. तिनं दोन्ही हातांनी पुस्तक छातीशी धरलं. गोष्ट संपली, वर्गानं टाळ्या वाजवल्या. विमलानं मात्र पुस्तक स्वतःकडे फिरवलं आणि शेवटचं चित्र बघत राहिली.

"बाई, ही पोरं परत येतात?"

"येतात ना. खेळून झालं की येतात."

"त्याच वाटेनं?"

"हो गं, त्याच वाटेनं," बाई म्हणाल्या आणि फळा पुसायला वळल्या.

सोमवारी विमला आली नाही. मधल्या सुट्टीत बाई सहज म्हणाल्या, "विमला कधी खाडा करत नाही. आजारीबिजारी आहे का कोण जाणे."

पहिलीच्या जयंतीबाईंनी डबा बाजूला सारला. त्या वस्तीजवळच राहायच्या. "तुला कळलं नाही? शनिवारी संध्याकाळी पोरगी भिंतीपलीकडे सापडली. पार आत, झाडीत बसली होती. बाप बॅटरी घेऊन हुडकत गेला म्हणून."

"तिथे कशाला गेली?"

जयंतीबाईंनी आवाज खाली आणला. "सुहास, तिच्या धाकट्या भावाला, धाकूला, गेल्या वर्षी बिबट्यानं नेलं ना."

बाईंनी हातातली पोळी परत डब्यात ठेवली. जूनमध्ये हेडमास्तर विद्याधर सर त्यांना म्हणाले होते, 'त्या विमलाकडे जरा लक्ष असू द्या, घरी फार वाईट झालंय.' तेव्हा त्या हजेरीपटावर नावं चढवत होत्या. बरं, म्हणाल्या होत्या. काय झालंय, हे विचारायचं राहून गेलं होतं.

शाळा सुटल्यावर त्या विमलाच्या घरी गेल्या. आई, चंपा, दाराशी तांदूळ निवडत होती. मूळची कुडाळकडची. तिनं उठून पाट दिला. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

"माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक नव्हतं." आणि लगेच म्हणाल्या, "नाही, मी विचारलंच नव्हतं."

चंपा सूप हलवत राहिली. "पोरगी म्हणता, धाकू तिकडे खेळता हा. परत येतलो, बाईंनी सांगितल्यानी. आम्ही नाय म्हटलं तर आमकाच खोटं पाडता." मग सूप खाली ठेवून म्हणाली, "तुम्हीच सांगा तिला. तुमचं ऐकता ती."

विमला आत भिंतीशी बसली होती. पायांवर काट्यांचे ओरखडे होते. बाईंना बघून तिचा चेहरा उजळला आणि बाईंना तेच सोसवेना. त्या तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"विमला, पुस्तकातला बिबट्या कोणीतरी रंगानं काढलेला आहे. खरा बिबट्या तसा नसतो."

"माहितीय," विमला म्हणाली. "पण पोरं येतात ना?"

बाईंनी मागे पाहिलं. चंपा दारात पाठमोरी उभी होती.

"ती पुस्तकातली पोरं, बाळा. धाकू नाही येणार. मी तुला चुकीचं सांगितलं."

विमला रडली नाही. तोंड भिंतीकडे वळवून बसली. बाईंनी पाठीवर हात ठेवला, तर तिनं अंग आखडून घेतलं. बाहेर चंपानं पदर डोळ्यांना लावला आणि चहाला आधण ठेवलं. बाईंनी तो चहा संपवला.

विमला आठवड्याभरानं शाळेत आली. पाढे म्हणायची, शुद्धलेखन लिहायची. गोष्टीच्या तासाला मात्र खिडकीकडे बघत बसायची, आणि बाईही तिला हटकत नसत. दिवाळीनंतर घरच्यांनी बिऱ्हाड मरोळला नातेवाइकांजवळ हलवलं. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला बाप एकटाच आला.

पुढच्या वर्षी पुस्तकं आणायला सुहासिनीबाईंनी जयंतीबाईंना सोबत नेलं. हरवलेलं कोकरू असलेलं पुस्तक त्यांनी परत ठेवलं. बाजारातून खाऊ घेऊन येणाऱ्या वडिलांचंही परत ठेवलं. नदीवर पोहायला जाणाऱ्या भावंडांचंही नको म्हणाल्या.

"असं करत बसलीस तर रिकाम्या हातानं जावं लागेल आपल्याला," जयंतीबाई म्हणाल्या. "प्रत्येक पोराचं काही ना काही दुखतंच."

"माहीत आहे गं."

"मग?"

सुहासिनीबाईंनी आणखी एक पुस्तक चाळून बाजूला सारलं. यंदा जूनमध्येच त्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन आल्या होत्या. कोणाच्या घरी कोण नाही, हे आता त्यांना पाठ होतं. त्यामुळे निवड सोपी होईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नव्हतं. शेवटी जयंतीबाईंनीच काही पुस्तकं उचलून दुकानदारापुढे ठेवली, आणि सुहासिनीबाई त्यातलं वरचं उघडून, अजून पैसे द्यायचे असताना, उभ्याउभ्या पहिल्यापासून वाचू लागल्या.