अण्णांची गोळी माझ्या डिकीत होती

थांबा, आत्ताच्या आत्ता टाइप करतो — न्हाईतर परत धीर व्हायचा न्हाई. हे म्या कुणालाच सांगितलेलं न्हाई. आईलासुदिक न्हाई.

गुंजवण्याच्या अलीकडं आमची वाडी. जत्रंत देवीची काठी निघते, आणि तिचा मान आमच्या घरात, अण्णांकडं — अण्णा म्हंजे माझे थोरले चुलते. काठी हातात घेतली की देवळापर्यंत खाली टेकवायची न्हाई, लघवीला जायचं न्हाई. मधीच घरातल्या दुसऱ्याला दिली, तर मान बी त्याचाच. कायमचा.

अण्णांचं प्रोस्टेट वाढलंय. रोज जेवल्यावर गोळी घेतली की बरे असायचे. न्हाई घेतली की धा-धा मिंटाला पळापळ. गोळ्या वेल्ह्यातनं आणायचं काम माझं.

आणि मला — कसं सांगू — काठी पायजे होती. मित्र व्हिडिओ काढणार होते, बास. एवढंच. अण्णा अजून किती वर्सं धरणार, असं वाटायचं.

जत्रंच्या आठवडाभर आधी गोळ्या संपल्या. म्या आणल्या, गाडीच्या डिकीत टाकल्या, आणि घरात येऊन म्हणलं, "मेडिकलवाल्याकडं माल न्हाई, जत्रा झाल्यावर येणार."

"असू दे बाळा," अण्णा म्हणले, "पाणी कमी पितो."

खरंच पीत नव्हते. भर उन्हाळ्यात! म्या बघत होतो.

जत्रंदिशी अण्णा काठी घेऊन निघाले, आणि देवळाच्या निम्म्या वाटंवर पाय आवळून चालाया लागले. मग पायजमा वला झाला. ढोल चालूच होता, कुणाचं ध्यान बी नव्हतं — आणि म्या मागं गर्दीत सरकून, आवाज बदलून वरडलो, "अण्णा, नळ बंद करा की!"

सगळी वळली. सगळी हसली. बायका बी, आमची काकी सोडून.

मग म्याच पळत पुढं गेलो. अण्णांनी काठी माझ्या हातात दिली, खाली मान घालून म्हणले, "बरं झालं बाळा, तू जवळ व्हतास."

दुसऱ्या दिशी पाकीट नेऊन दिलं. "आला बघा माल." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठिवला. म्या ठिवून घेतला.

तीन वर्सं झाली. पोरं त्यांना अजून 'नळ' म्हणत्यात. जत्रंदिशी अण्णा आतल्या खोलीत बसून ऱ्हात्यात, दार लावून. यंदा काठी घेऊन आमच्या दारावरनं गेलो तवा म्या त्या खोलीकडं बघितलं बी न्हाई — व्हिडिओ चालू होता. लई भारी वाटलं. हे बी खरंच सांगतो.

तुमच्या हातनं झालंय का असं कधी — घरातल्याच माणसाला?